शेजारच्या देशांतले दंतवैद्य पाहुणे येताहेत. स्वागत कसं करावं?

खुर्ची_आणि_दिवा:
मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या सांगली-मिरजेतल्या दंतवैद्यांनी येत्या थंडीत दोन दिवसांची मैत्री परिषद घ्यायचं ठरवलंय. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान इथले मिळून पंचवीस-तीस जण येतील असा अंदाज आहे. बैठकीला मला उशीर झाला आणि मी पोचेपर्यंत स्वागत समिती माझ्या गळ्यात मारून सगळे चहाला उठले होते.

सध्या ठरत असलेला कार्यक्रम असा. मिरज स्टेशनवर लेझीम आणि फेटे. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि त्या प्रत्येकाचं भाषण. तोवर जेवणाची वेळ. उरलेल्या वेळात पाहुण्यांनी आठ-आठ मिनिटांत पेपर उरकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नृसिंहवाडी, दुपारी कंपन्यांचे स्टॉल, संध्याकाळी गाणी आणि निरोप.

माझं म्हणणं, ढाक्याहून किंवा कँडीहून एवढा प्रवास करून माणूस येतो तो आमच्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकायला नव्हे. त्याला आमची ओपीडी बघायची असते, आम्ही अडतो कुठे ते विचारायचं असतं. समितीत हे बोललं की "डॉक्टर, तुम्ही फार कोरडे बुवा" असं ऐकून घ्यावं लागतं.

ज्यांनी असं काही भरवलंय, या देशांत राहिलेत किंवा तिथे पाहुणे म्हणून गेलेत, त्यांनी सांगा. जेवण, मुक्काम, भेटवस्तू, भाषा, काहीही चालेल. दंतवैद्य नसलेल्यांनीही लिहा. दात तुम्हालाही आहेत.

पेठेतला_पोपट:
चहासोबत चिक्की ठेवा. स्टॉलवाल्यांचाही धंदा होईल. हलके घ्या.

निंबोणी:
चांगला विषय. मी काही वर्षं काठमांडूत शिकवत होते, तेव्हाचं सांगते.

आधी तारखा बघा. नेपाळात दशैं म्हणजे आपलं नवरात्र-दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळी. त्या दिवसांत तिथलं कुणी घर सोडत नाही. थंडीत घेताय ते बरंच आहे. तिकडे साप्ताहिक सुटी शनिवारची. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार. श्रीलंका आणि भूतान आपल्यासारखे शनिवार-रविवार. म्हणजे शनिवार सगळ्यांना सोयीचा. दुसरा दिवस शुक्रवार की रविवार, ते कोण जास्त येताहेत त्यावर ठरवा. आणि ऑनलाइन मीटिंग लावाल तेव्हा लक्षात ठेवा, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. ती मंडळी वेळेवर आलेली असतात आणि आपण त्यांना ताटकळत ठेवतो.

आता गंमत. काठमांडूच्या जुन्या बाजारात, असनपासून चालत जाण्याच्या अंतरावर बांगेमुढा नावाची जागा आहे. तिथे भिंतीला लागून लाकडाचा एक ओबडधोबड ओंडका आहे. त्यात इतकी नाणी ठोकलेली आहेत की आतलं लाकूड दिसत नाही, एकावर एक चढलेली गंजकी चकत्यांची गाठच झालीय. हा वैश्य देव, दातदुखीचा देव. दाढ ठणकली की इथे नाणं ठोकायचं. आणि त्याच गल्लीत ओळीने दातांचे दवाखाने! नाणं ठोकूनही थांबलं नाही तर समोरच्या जिन्याने वर जायचं. हा विषय काढला की नेपाळी दंतवैद्य मनमुराद हसतात. उद्घाटनाच्या भाषणात कुणीतरी हे सांगा, पाहुणे लगेच खुलतील.

तात्या_कृष्णाकाठ:
निंबोणीताई, हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे देव नाही पण मांत्रिक होता. कानातून किडा काढून दाखवायचा. दाढेतला.

पेठेतला_पोपट:
तात्या, आताही काढतात. फक्त बिल जीएसटीसकट मिळतं.

रेवती_म:
व्हिसाचं कुणी पाहिलंय का? मी ट्रॅव्हलमध्ये आहे, म्हणून विचारते. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही, ओळखपत्र नीट असलं म्हणजे झालं. श्रीलंकेच्या मंडळींना ई-व्हिसा मिळतो, पण त्यात परिषदेचा प्रकार वेगळा असतो, तोच घ्यायला सांगा. "टुरिस्टवर या हो, कोण विचारतंय" असं अजिबात सांगू नका. बांगलादेशाला वेळ धरा, सगळ्यात आधी त्यांची निमंत्रणपत्रं काढा. आंतरराष्ट्रीय परिषद म्हणून जाहीर करताय तर परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाच्या मंजुऱ्यांचं कामही आत्ताच हाती घ्या. निमंत्रणपत्रावर आयोजकांचं नाव, तारखा, जागा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. प्रमाणपत्रावरही तेच.

खुर्ची_आणि_दिवा:
रेवतीताई, हे सोन्यासारखं. आमच्या समितीत सध्या फेट्याचा रंग ठरतोय.

रोखठोक_राजा:
एक प्रश्न विचारू का? आत्ताचं वातावरण बघता बांगलादेशाला बोलवायची एवढी हौस कशाला? आणि मैत्री म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, झालेली पोरं दहा-बारा हजारांवर राबताहेत, त्यांच्यासाठी परिषद घ्या की.

अक्कलदाढ:
आला, आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो. मऊ असतील तेच.

तात्या_कृष्णाकाठ:
राजाभाऊ, दुसरा मुद्दा रास्त आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पहिल्यावर थोडं ऐका.

भारतातलं पहिलं दंतवैद्यकाचं कॉलेज कलकत्त्यात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढलं. त्यांचा जन्म पूर्व बंगालातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. शिक्षण अमेरिकेत आयोवाला. परत आले तेव्हा हातात पैसा नव्हता, म्हणून कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान टाकलं आणि त्यावर कॉलेज चालवलं. गोड सोडा विकून दंतवैद्य घडवले, आता बोला! पुढे ते कॉलेज त्यांनी सरकारला देऊन टाकलं, आज ते त्यांच्याच नावाने चालतं. १९६४ साली पद्मभूषण मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आपण दंतवैद्य दिन म्हणून पाळतो. तर ढाक्याचा दंतवैद्य आला की तो परका कसा ते मला समजावून सांगा.

त्याच काळात मुंबईत नायर हॉस्पिटलचं कॉलेज १९३३ चं आणि लाहोरचं डी मॉन्टमोरेन्सी १९३४ चं. फाळणीनंतर लाहोरची पदवी घेतलेले लोक इकडे दवाखाने थाटून बसले. आमच्या पिढीने त्यांच्या हाताखाली काम केलंय.

पेठेतला_पोपट:
सोडा फाउंटन! आधी कीड, मग कॉलेज. याला म्हणतात दूरदृष्टी.

रोखठोक_राजा:
तात्या, इतिहास माहीत नव्हता, छान माहिती. पण अहमदसाहेब इथलेच झाले. आजच्या सरकारांचं मी बोलतोय. मत बदललेलं नाही.

तात्या_कृष्णाकाठ:
नका बदलू. जेवायला या.

हावडा_ब्रिज:
मूळचा नागपूरचा, मुक्काम कलकत्ता. तात्यांच्या यादीत एक भर. शेजारच्या देशातले दंतवैद्य आपल्याकडे केव्हाच येऊन राहिलेत. चीनच्या हुबेई प्रांतातली कुटुंबं. कलकत्त्यात, मुंबईत त्यांचे दवाखाने होते, काही अजून आहेत. कौशल्य बापाकडून मुलाकडे. १९४८ चा दंतवैद्य कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्या पण आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी नोंदणीचा 'ब' भाग ठेवला होता, त्यात यांच्यासारख्यांची सोय झाली. जुन्या पाट्यांवर तोंड वासलेली लाल-गुलाबी कवळी रंगवलेली असायची, अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. मग १९६२ आलं. कित्येक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. दात बसवणारा माणूस रातोरात शत्रू ठरला.

निंबोणी:
हे ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

ओपीडी_नंबर_सात:
मूळ विषयाकडे येऊ या का? मी तोंडाच्या आजारांची डॉक्टर आहे. चारही देशांतले दंतवैद्य एका खोलीत येणार असतील तर बोलायला एकच विषय पुरेसा आहे, सुपारी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आत्ता तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं, उभी, एकावर एक, पुढच्या दातांच्या मधे घालून बघा. गेली? छान. माझ्याकडे विशी-पंचविशीतली मुलं येतात, त्यांचं एक बोट कसंबसं जातं. गालाच्या आतून बोट फिरवलं तर जिथे मऊ लागायला हवं तिथे ताणलेल्या दोऱ्या लागतात. भाजीतल्या मिरचीने तोंडाची आग होते, वडापावचा घास घेता येत नाही. दात किडला तर मला आत आरसा घालायला जागा नसते. हा ओरल सबम्युकस फायब्रोसिस. मावा आणि गुटखा ही त्याची नेहमीची वाट, आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. १९५२ साली श्वार्ट्झने केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हे पाहून लिहिलं, १९५३ साली मुंबईच्या जोशींनी. सुपारीने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेही मान्य केलंय, नुसत्या सुपारीने, तंबाखू नसली तरी.

आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ पासून आहे, टपरीवर जाऊन बघा काय आहे ते. बांगलादेशात पान-जर्दा, श्रीलंकेत पान-सुपारी-चुन्याचा विडा, भूतानात डोमा म्हणजे पानसुपारीच, तीही पाहुण्याला मानाने देतात. नेपाळात खैनी-गुटखा. बंदी कुठे कशी फसली, रुग्णाला सुपारी सोडायला नेमकं काय सांगता, तोंड उघडायचे व्यायाम कोण करून घेतं, यावर एक अख्खी दुपार द्या. आठ मिनिटांचे पेपर नकोत. प्रत्येकाने एक केस आणायची, फोटो दाखवायचा आणि कुठे अडलो ते सांगायचं.

अक्कलदाढ:
मी घातली तीन बोटं. ऑफिसात. बॉस समोर उभा होता.

भडंगप्रेमी:
+१ ओपीडीताई. जाता जाता, मशेरी विसरू नका. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दातांना घासायची. आमच्या गावात निम्म्या बायका सकाळी उठल्यावर मशेरी लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. पाहुण्यांना ही आपल्याकडची खासियत सांगा. अभिमानाने नाही, अर्थातच.

डॉ_चिमटा:
खुर्चीसाहेब, मी अशाच एका परिषदेला शेजारच्या देशात पाहुणा म्हणून गेलो होतो. नाव सांगत नाही. मुख्य अतिथींची दीड तास वाट पाहिली, मग सत्कार, आणि माझ्या वाट्याला आलेल्या वेळात स्लाइडचा रिमोट चालेना. पण संध्याकाळी तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात नेलं. लाइट गेली की पायाने चालवायचं दात कोरायचं जुनं यंत्र त्यांनी कोपऱ्यात तेल घालून ठेवलं होतं. हत्यारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह नाही म्हणून प्रेशर कुकर. तो कुकर, त्यातली गुंडाळलेली हत्यारं आणि शिट्टीऐवजी लावलेलं घड्याळ, एवढं पाहून मी जे शिकलो ते सभागृहात नसतं शिकलो. पाहुण्यांना दवाखाने दाखवा. चकचकीत नव्हे, चालते.

शाल_श्रीफळ_समर्थक:
सगळे सत्काराच्या मागे का लागलात? पाहुण्याला ओवाळणं, फेटा बांधणं ही आपली रीत आहे. दंतवैद्य झाला म्हणून काय त्याला हौस नसते? श्रीलंकेचे लोकही पाहुण्यासाठी पितळी समई लावतात, नाचणारे-ढोलवाले बोलावतात. सोहळा कमी करा म्हणा, मोडीत काढू नका. भाषणं काढा, लेझीम ठेवा.

खुर्ची_आणि_दिवा:
हे पटतंय. लेझीम राहील. माझा राग व्यासपीठावर आहे.

रेवती_म:
नारळ मात्र देऊ नका. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, ओल्या नारळावर विमानतळावर वाद होतात. आणि श्रीलंकेच्या माणसाला नारळ काय द्यायचा?

भडंगप्रेमी:
भेट म्हणून सांगलीची हळद द्या, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनवाली. बेदाणाही आहेच, पण दंतवैद्यांना बेदाणा म्हणजे दाताला चिकटणारा शत्रू. मिरजेत सतारमेकर गल्लीत न्याच. भोपळा वाळवून, कापून त्याचा तंबोरा कसा होतो ते कारागिराच्या शेजारी बसून बघू द्या. नृसिंहवाडीपेक्षा ते बघून लोक जास्त रमतील. आणि हो, थंडी आहे तर हुरडा! शेतात, आगटीभोवती.

डॉ_चिमटा:
हुरड्यानंतर प्रत्येकाला एक-एक टूथपिक. स्टॉलवाल्यांकडून फुकट.

निंबोणी:
जेवणात "तिखट कमी करू का" असं विचारू नका. भूतानात मिरची ही मसाला नाही, भाजी आहे. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज. श्रीलंकेचा पोल सांबोलही कमी नसतो. घाम आपल्यालाच फुटेल. बांगलादेशी पाहुण्यांसाठी मटण हलाल आहे का हे आचाऱ्याला आधी विचारा आणि टेबलावर तशी पाटी ठेवा, म्हणजे त्यांना दर वेळी विचारावं लागणार नाही. शाकाहारी कोण, हेही फॉर्मवर विचारून ठेवा.

भटका_वैदू:
श्रीलंकेचा विषय निघालाच आहे तर, कँडीत बुद्धाचा दात जपलेलं देऊळ आहे, दळदा मालिगावा, आणि जवळच पेराडेनियात त्यांचं दंतवैद्यक कॉलेज. कित्येक दशकं अख्ख्या देशात ते एकटंच होतं. तिथल्यांना विचारण्यासारखी गोष्ट म्हणजे शाळेतल्या डेंटल थेरपिस्ट. महारगमाला त्यांचं प्रशिक्षण होतं, न्यूझीलंडच्या धर्तीवर. त्या शाळेत बसून मुलांचे दात भरतात, काढतात. डॉक्टरची वाट बघायची नाही.

रोखठोक_राजा:
झालं. इथे बीडीएसवाल्यांना काम नाही, त्यात थेरपिस्ट आणा.

ओपीडी_नंबर_सात:
राजाभाऊ, काम नाही ते शहरात. जत किंवा आटपाडीच्या आतल्या शाळेत किती बीडीएस जातात? तुमच्या पोरांना सरकारने शाळांसाठी पगारी नेमलं तर थेरपिस्टची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. पण हेच त्या परिषदेत भांडा ना. श्रीलंकेच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे थेरपिस्ट असूनही डॉक्टरांचं पोट भरतं का.

रोखठोक_राजा:
हे विचारीन. खरंच येऊ का?

तात्या_कृष्णाकाठ:
सांगितलं ना, जेवायला या. आधी भांडा, मग जेवा.

डॉ_चिमटा:
भूतानबद्दल एक. तिथे दंतवैद्यकाचं कॉलेज नाही, सगळे बाहेर शिकतात, बरेच भारतात. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्यांतला एखादा आपल्याच कुठल्यातरी कॉलेजचा माजी विद्यार्थी निघेल. नेपाळ्यांचंही तेच. यादी आली की तिथले जुने बॅचमेट शोधा, स्टेशनवर फेट्यासोबत तो उभा करा.

दुधाचे_दात:
माझ्या लेकीसाठी विचारते, विषयाबाहेर आहे. तिला सहाव्या वर्षी मागे दाढ आलीय, ती पडेल ना?

ओपीडी_नंबर_सात:
नाही! ती कायमची. खालच्या डाव्या बाजूची असेल तर आमच्या नंबरात ती ३६. आईबाप दुधाची समजून सोडून देतात आणि तीच आधी किडते. डॉक्टरांकडून तिच्या खाचा सील करून घ्या.

पेठेतला_पोपट:
म्हणजे दातांशी पहिल्यापासूनच छत्तीसचा आकडा.

नाव_नको:
एक खटकतंय. वर शिबिराचं कुणी बोललं नाही, पण होणार हे मला माहीत आहे. पाहुण्यांसमोर गावकऱ्यांना ओळीत बसवून तोंड उघडायला लावायचं आणि फोटो काढायचे, हे करू नका. माझ्या आजीचा असा फोटो एका माहितीपत्रकावर छापला होता. तिला विचारलंही नव्हतं.

खुर्ची_आणि_दिवा:
शिबिर यादीत होतं, खरंय. शिवाय पाहुण्यांनी इथल्या रुग्णावर हात चालवायचा तर परवानगीचा प्रश्न येतोच. शिबिर काढतोय. केसचे फोटो दाखवायचे तेही रुग्णाच्या लेखी संमतीने आणि फोटोतले त्याचे डोळे झाकून.

कालच्या बैठकीनंतरची स्थिती अशी. व्यासपीठावर फक्त दोन भाषणं, दोन्ही मिळून वीस मिनिटं. शनिवारची दुपार सुपारीला, ओपीडीताई सूत्रं सांभाळताहेत. थेरपिस्टवर वाद, राजाभाऊंसाठी खुर्ची राखीव. सकाळी चार-पाच जणांचे गट करून चालू दवाखाने. मग सतारमेकर गल्ली, रात्री हुरडा. नृसिंहवाडी ऐच्छिक. स्टॉल बाहेरच्या मंडपात. अध्यक्ष जरा रुसलेत, फेट्याचा रंग त्यांच्यावर सोडलाय. एकच अडलंय, हॉटेलचं बजेट संपलंय. पाहुण्यांपैकी काहींना सदस्यांच्या घरी उतरवावं लागेल.

रेवती_म:
घरी उतरवलात तर परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. हॉटेलवाले आपणहून करतात, घरी कुणी करत नाही आणि मग पोलीस स्टेशनात हेलपाटे. एका माणसावर हे काम सोपवा.

मिरजेची_सून:
माझ्याकडे दोघींची सोय होईल. वेगळी खोली आहे, गिझर आहे. फक्त सासूबाई सकाळी अंगणात मशेरी लावत बसतात, ते आधीच सांगून ठेवते.

ओपीडी_नंबर_सात:
त्यांनाच शनिवारी दुपारी घेऊन या. रुग्ण म्हणून नको, बोलायला. का लावतात ते त्यांच्या तोंडून ऐकू दे सगळ्यांना.

मिरजेची_सून:
विचारते. पण माइक हातात दिलात तर त्या वीस मिनिटांत आटपणार नाहीत.